मडावी मॅडमचे अठ्ठ्याण्णव अंश

आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे मुद्रितशोधन माझ्याकडे आले, कारण मी निवृत्त होतो आणि जन्मभर मराठी शिकवले होते. त्या स्मरणिकेत शाळा समितीच्या दिवंगत अध्यक्षांवर चार पाने आहेत, छायाचित्रासह. मडावी मॅडमवर एक वाक्य आहे: ‘विज्ञानाच्या प्रेमळ व मनमिळाऊ शिक्षिका.’ मी ऱ्हस्व-दीर्घ पाहिले, स्वल्पविराम जागच्या जागी बसवले आणि ते वाक्य तसेच जाऊ दिले. व्याकरणदृष्ट्या त्यात काही चूक नव्हती.

अंक छापून घरी आला, तेव्हा ते वाक्य मी पुन्हा वाचले आणि मला माझी लाज वाटली. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःच्या मनाने काही लिहायला बसलो आहे, ते या दोन विशेषणांपायी. मडावी मॅडम प्रेमळ नव्हत्या. मनमिळाऊ तर मुळीच नव्हत्या. सतरा वर्षे शिक्षककक्षात त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीला लागून होती, म्हणून हे मी खात्रीने सांगू शकतो. त्या सुडाने शिकवत. आणि इतके चांगले विज्ञान शिकवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अध्यक्षांचे नाव मी येथे लिहिणार नाही. हे सौजन्य नव्हे. त्यांचे नाव शाळेच्या सभागृहावर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, आता स्मरणिकेतही आहे. ते माझ्या हाताने आणखी एकदा लिहिले जावे, अशी माझी इच्छा नाही. शाळेत सगळे त्यांना ‘साहेब’ म्हणत, तेवढे पुरे.

मॅडम मूळच्या हिंगणीच्या पलीकडे, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या. आईशी फोनवर त्या गोंडीत बोलत, आमच्याशी आणि मुलांशी वऱ्हाडीत. बांधा ठेंगणा, चालणे भरभर, सुती साडी आणि पायांत खेळाचे बूट. स्कूटीच्या पायरीवर बाजारात न्यायची प्लास्टिकची टोपली असे. तिच्यात त्यांची प्रयोगशाळा: सलाईनच्या नळ्या, भिंगे, टाचण्या, कांदे, आयोडिनची बाटली, एक काचेची जाड वडी आणि टॉवेलात गुंडाळलेले तीन-चार थर्मामीटर. शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या दारांचे उत्तम कपाट होते. त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे असे आणि तपासणीच्या दिवशी ते उघडत असे. आत काय आहे हे मुलांना बाहेरून दिसे, आणि तेवढ्याने विज्ञानाची सोय झाली, असे आम्ही सगळे मानून चाललो होतो.

त्या रुजू झाल्या त्या वर्षीच एकदा डबा खाताना मी विचारले, “मॅडम, विज्ञानच का घेतलंत?” संभाषणात मला याहून बरे काही सुचत नाही.

त्यांनी पोळीचा घास खाली ठेवला. “एका माणसासाठी,” त्या म्हणाल्या.

मला वाटले, कुणी आवडते गुरुजी असतील. मी तसे म्हणालोही. त्यावर त्या हसल्या. ते हसणे मला चांगलेच आठवते, कारण नंतर तसे त्या फार हसल्या नाहीत.

नववीला त्या हिंगणघाटला होत्या, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या मावशीकडे. त्या शाळेत प्रयोगांची एक रीत होती. ती तेव्हा पुष्कळ शाळांत होती आणि अजूनही संपली आहे असे नाही. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सर निरीक्षणे सांगत, मुले ती प्रयोगवहीत उतरवून घेत. दुसऱ्या दिवशी टेबलावर प्रयोग होई, पण तोवर त्याच्या उत्तराची शाईही सर्वांच्या वहीत वाळलेली असे. पाणी तापवून दर दोन मिनिटांनी तापमान लिहायचा प्रयोग होता. आदल्या दिवशी ही मुलगी गावाहून परतली नव्हती. त्यामुळे तिच्या वहीत काहीच नव्हते. तिने प्रयोग पाहिला, तिला पुढे बोलावले तेव्हा थर्मामीटर वाचला आणि दिसले ते लिहिले. पाणी खळखळ उकळत होते आणि पारा अठ्ठ्याण्णववर थांबला होता.

“सगळ्या वह्यांत शंभर, सर. एकट्या माह्या वहीत अठ्ठ्याण्णव.”

शिक्षकाने त्या पानावर लाल पेनाने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली आणि खाली लिहिले, ‘खोटे.’ मग वही वर धरून वर्गाला दाखवली. “पाहा, मडावीनं नवीन शास्त्र काढलं. जंगलातलं पाणी लवकर उकळत असेल.” वर्ग हसला.

“अकरावीपर्यंत मी माह्या डोळ्यावर शक घेतला,” मॅडम म्हणाल्या. “वाटे, आपल्याले वाचताच येत नाई. मग अकरावीत हवेच्या दाबाचा धडा आला. समुद्राच्या काठी शंभर. आपण तिथून वर राह्यतो, इथं दाब कमी. त्यात थर्मामीटरची दांडी पाण्याच्या बाहेर राह्यली तं तोही थोडं कमी दाखवते. म्हंजे मी बरोबर होती, सर. त्या दिवशी मी रडली नाई. मले राग आला. थो अजून हाय.”

ते पान त्यांनी जपून ठेवले होते. मला त्यांनी ते दाखवले. लाल शाई विटून विटकरी झाली होती, पण अक्षर स्पष्ट होते.

“माफी मागायला हवी त्यांनी,” मी म्हणालो.

“माफी कोणाले पायजे? दुरुस्ती पायजे. ज्या हातानं लिहिलं त्या हातानं खोडावं, सही करावी. बस.”

तो शिक्षक पुढे मुख्याध्यापक झाला, त्याला गुणवंत शिक्षकाची शाल मिळाली, आणि निवृत्तीनंतर तो आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष होऊन आला. ते यायला आणखी दहा वर्षे होती. तोवर मॅडमनी स्वतःच्या सुडाचे काम वर्गात चालवले.

त्यांच्या फळ्यावर नेहमी तीन रकाने असत: ‘दिसलं’, ‘वाटलं’, ‘पुस्तकात’. मुलांच्या वह्यांतही तेच तीन. पहिला रकाना भरल्याखेरीज पुस्तक उघडायचे नाही. त्यांच्या तासाला खोडरबरला बंदी होती. चुकले तर एक रेघ मारून शेजारी पुन्हा लिहायचे. लाल पेन त्या वापरत नसत. एखाद्याचा पहिला रकाना तिसऱ्याशी तंतोतंत जुळला की त्यांच्या कपाळावर आठी उमटे. “एवढं जुळलं कसं बाप्पा? पाणी काय तुह्या मामाचं हाय?” मुले हसत, पण पुढच्या वेळी नीट पाहत.

‘चूक’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून वर्गात कधी ऐकला नाही. मुलाचे वाचन कितीही विचित्र असो, त्या विचारत, “कुठून पाह्यलं?” मग मूल पुन्हा जाई, वाके, डोळा पाऱ्याच्या पातळीवर आणी आणि बहुतेकदा स्वतःच म्हणे, “मॅडम, वरून पाह्यलं होतं मी.”

मी एकदा त्यांना भीतभीतच सुचवले होते, की वर्गात प्रमाण भाषा वापरली तर बरे. मी भाषेचा शिक्षक; मला ते माझे कर्तव्य वाटले. “सर, तुमच्या भाषेत पोट्टे पाठ करतात. माह्या भाषेत भांडतात. मले भांडणारे पायजेत.” मी पुन्हा तो विषय काढला नाही. माझ्या वर्गात मुले पाठ करत होती, हे खरेच होते.

आठवीत प्रणाली नावाची एक मुलगी होती. तिची वाचने कधीच कुणाशी जुळत नसत. फुटपट्टी असो, घड्याळ असो की मोजपात्र, सगळे भलतेच. गणिताच्या सरांनी तिला ‘ढ’ ठरवले होते. मीही तिच्या शुद्धलेखनाबद्दल तेच म्हणत असे. तिने एकदा थर्मामीटर पाहून एकोणऐंशी लिहिले, जेव्हा सर्वांना एकाहत्तर दिसत होते. मॅडमनी विचारले, “कुठून पाह्यलं?” मुलीने दाखवले, डोळा अगदी बरोबर पातळीवर होता. मॅडमनी तिला तीनदा वाचायला लावले, थर्मामीटर हळूहळू दूर नेत आणि जवळ आणत. मग वर्ग तसाच सोडून त्या प्रणालीला घेऊन माझ्या वर्गाच्या दाराशी आल्या.

“सर, फळ्यावर काय लिहिलं तुम्ही, हे या पोरीले मागच्या बाकावरून विचारा बरं.”

तिला काहीही दिसत नव्हते. आठ वर्षे ती शेजारणीच्या वहीतून उतरवत होती आणि आम्ही सगळे तिला तिच्या आकलनाबद्दल बोल लावत होतो. पुढच्या सोमवारी मॅडम तिच्या आईला घेऊन सेवाग्रामला दवाखान्यात गेल्या. चष्मा लागला. तेव्हा शिक्षककक्षात कुणीतरी म्हणाले, “मॅडम, केवढी माया हो तुमची!”

“माया नाई,” मॅडम डब्याचे झाकण लावत म्हणाल्या. “माह्या वर्गात कोणी खोटं ठरत नाई. लेकरू खोटं नाई तं मग काय खोटं हाय, हे पाहाच लागते.”

हे मी मुद्दाम लिहितो आहे. जखम झालेला माणूस क्षमाशील होतो आणि मग चांगले काम करतो, असे आपल्याकडच्या भाषणांत फार सांगतात. मी जवळून पाहिले ते असे नव्हते. त्यांनी त्या माणसाला रोज आठवले आणि रोज त्याच्या उलट केले.

या रागाची झळ मुलांनाही लागे. काचेच्या वडीतून किरण कसा वळतो, हे टाचण्या टोचून पाहायचे असते. आळशी मुले आधी पट्टीने सुंदर रेघ ओढतात आणि मग तिच्यावर टाचण्यांची भोके पाडतात. तुषार नावाच्या मुलाने तसे केले. मॅडमनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांना ते लगेच कळले. खऱ्या टाचण्या इतक्या शिस्तीत उभ्या राहत नाहीत. त्यांनी त्याला उभे करून मोठ्याने म्हणायला लावले, “मी हे पाह्यलं नाई, तरी लिहिलं.” तुषार दोन दिवस शाळेत आला नाही.

मी त्यांना म्हणालो, “मॅडम, हे जरा जास्त झालं. तुम्हालाही भर वर्गात असंच…” आणि पुढे माझा धीर झाला नाही.

त्यांचा चेहरा काळवंडला. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर काचेची वडी आणि टाचण्या घेऊन त्या तुषारच्या घरी गेल्या आणि त्याच्या ओट्यावर बसून त्याच्याकडून तो प्रयोग करून घेतला. ‘माझे चुकले’ असे त्याला म्हणाल्या का, हे मी विचारले. “नाई म्हटलं,” त्या म्हणाल्या, “पण त्याचा कोन बरोबर आला.”

साहेब अध्यक्ष होऊन आले, तेव्हा मॅडम आठवडाभर डबा वर्गातच खात होत्या. मग एका दुपारी त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

“विज्ञान दिनाले साहेबाले बोलवाचं हाय. पत्र तुम्ही लिहा. तुमची भाषा गोड हाय.”

कशासाठी, हे मला माहीत होते. तरी मी लिहिले. ‘आपल्या प्रदीर्घ व्यासंगाचा लाभ आमच्या विद्यार्थ्यांस व्हावा’ असे एक वाक्य त्यात होते. मॅडमनी ते दोनदा वाचले. “एवढी साखर घातली तं मुंगळा येतेच,” त्या म्हणाल्या. आयुष्यात मी लिहिलेल्या पत्रांपैकी याच एका पत्राचा मला अभिमान आहे.

साहेब आले. क्रीम रंगाचा सफारी, केसांना कलप. ‘विज्ञान म्हणजे सत्याचा शोध’ या विषयावर त्यांनी वीस मिनिटे भाषण केले. सभागृहात नववीची त्रेचाळीस मुले आणि आम्ही सगळे शिक्षक होतो. टेबलावर छोटी शेगडी, तिच्यावर काचेचे पात्र, वर थर्मामीटर टांगलेला. पाणी उकळत होते.

“सर, दीप नाई लावत आम्ही,” मॅडम म्हणाल्या. “वाचन घेऊन उद्घाटन करतो. तुम्ही पह्यलं घ्या.”

साहेब पुढे झाले. वयाच्या मानाने बरे वाकले. मोठी माणसे फीत कापताना कात्रीकडे जितका वेळ पाहतात, तितका वेळ त्यांनी पाऱ्याकडे पाहिले आणि ते सरळ झाले. “शंभर!” मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. मागोमाग आम्हीही.

“धन्यवाद सर. आता मुलं घेतील. वही ठेवली हाय. येजा रे एकेक.”

पहिली प्रणाली आली. चष्मा सारखा केला, डोळा पातळीवर आणला, सावकाश पाहिले. “साडेअठ्ठ्याण्णव,” ती म्हणाली आणि वहीत लिहून तिने सही केली. दुसरा आला. “अठ्ठ्याण्णव.” तिसरी म्हणाली, “नव्याण्णवले थोडं कमी.” साहेब हसत होते. पाचव्या मुलापर्यंत हसत होते. मग त्यांचे हसू चेहऱ्यावर राहिले, पण त्यात ते स्वतः राहिले नाहीत.

“मॅडम,” मुख्याध्यापक कुजबुजले, “वेळ होऊन राह्यला.”

“अजून चौतीस हायेत सर.”

मुले येत राहिली. प्रत्येक जण वाके, पाही, आकडा मोठ्याने म्हणे, सही करी. ओळीत कुणी चुळबुळ केली नाही. त्यांना साहेबांचा इतिहास ठाऊक नव्हता. मॅडमनी तो कुणाला सांगितलेला नव्हता. त्यांना फक्त नीट पाहायला शिकवलेले होते, आणि तेवढे पुरेसे होते.

“थर्मामीटर खराब आहे,” साहेब अखेर म्हणाले.

मॅडमनी टोपलीतून नव्या थर्मामीटरचे सीलबंद खोके काढले आणि ते साहेबांच्याच हातात दिले. “तुम्ही फोडा, सर.” नवा थर्मामीटर लावला. पुढच्या मुलाने वाचले. “साडेअठ्ठ्याण्णव.”

“मग पाणी अशुद्ध असेल.”

मागून कुणीतरी, आवाज नुकताच फुटलेला कुणी पोरगा, बोलला, “साहेब, मीठमाती असली तं पाणी शंभरच्या वर उकळते. कमी नाई येत.”

मुले हसली. सबंध सभागृह हसले. मी पुढच्या रांगेत होतो आणि साहेबांचा चेहरा मला दिसत होता. मला त्यांची कीव आली असे लिहिले, तर ते खोटे होईल. मला फार आनंद झाला.

त्रेचाळिसावी सही झाल्यावर मॅडम साहेबांच्या अगदी जवळ गेल्या. मी तिथेच असल्याने मला ऐकू आले. साहेबांनी डोळे बारीक केले होते. “तू… हिंगणघाटची मडावी काय?”

“हो सर.” त्यांनी पर्समधून ते जुने पान काढले, टेबलावर पसरले आणि शेजारी लाल पेन ठेवले, टोपण काढून. “एवढं खोडून द्या. अन् सही.”

साहेब पानाकडे पाहत राहिले. स्वतःचे अक्षर त्यांनी ओळखले, यात मला शंका नाही. पेनाला त्यांनी हात लावला नाही. पान उचलले, त्याची चौघडी केली आणि सफारीच्या खिशात घातले.

“पाहतो,” ते म्हणाले, आणि पोह्यांच्या टेबलाकडे वळले.

नंतर शिक्षककक्षात मॅडम थर्मामीटर टॉवेलात गुंडाळत होत्या. मी चहा पुढे केला.

“चूक झाली, सर,” त्या म्हणाल्या. “झेरॉक्स काढून ठेवाले पायजे होती.”

पुढच्या वर्षी पर्यवेक्षकाची जागा निघाली. माझ्या नकारानंतर ज्येष्ठतेने ती मॅडमची होती. ती दुसऱ्याला मिळाली. वेळापत्रकात त्यांना नववीचा एकच वर्ग ठेवून बाकी पाचवीचे भूगोल आणि कार्यानुभव दिले. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी वेगळेच सुरू केले.

साहेब शाळेत येत, तेव्हा मॅडम सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहत. स्वातंत्र्यदिन असो, शिक्षकदिन असो, पालकसभा असो. नमस्कार करत आणि सर्वांसमोर, शांत आवाजात विचारत, “सर, माह्यं पान पाह्यलं का?”

पहिल्या वर्षी साहेब “पाहतो” म्हणाले. नंतर “शोधतो” म्हणू लागले. मग त्यांनी तो विनोद असल्यासारखे हसून पाहिले. मग त्यांना कमी ऐकू येऊ लागले. एका प्रजासत्ताक दिनाला पाचवीतल्या एका चिमुकलीने, कुणीही न शिकवता, त्यांना गुलाबाचे फूल देताना विचारले, “साहेब, मॅडमचं पान आणलं का?” त्यानंतर साहेब झेंडावंदनाला येत, पण गाडीतून उतरत नसत. काच थोडी खाली करून बसल्या बसल्या सलामी देत आणि निघून जात. ज्या सभागृहावर त्यांचे नाव होते, त्यात त्यांनी पुन्हा पाऊल टाकले नाही.

मुख्याध्यापक हात जोडून म्हणाले, “मॅडम, काऊन त्या म्हाताऱ्याच्या मागं लागल्या तुम्ही?”

“मी काय शिवी देऊन राह्यली का? पान मागून राह्यली.”

मीही एकदा म्हणालो, “सोडून द्या आता, मॅडम. थकले ते.”

“थकला तं काय झालं? लिहिता येते नं त्याले अजून?”

एक शब्द खोडून सही करायला त्या माणसाला अर्धे मिनिट लागले असते. त्याने सहा वर्षे ते अर्धे मिनिट दिले नाही, आणि आम्ही सारे मॅडमना हट्टी म्हणत होतो.

साहेब गेले, ते माझ्या निवृत्तीच्या थोडे आधी. शाळेत शोकसभा झाली. हार घातलेले छायाचित्र टेबलावर ठेवले होते. मुख्याध्यापक बोलले, समितीचे दोन सदस्य बोलले, कुणी त्यांना ज्ञानतपस्वी म्हटले, कुणी विद्यार्थ्यांचा पिता. मीही चार वाक्ये बोललो, कारण माझ्या भाषेची तशी ख्याती होती. मग मुख्याध्यापक म्हणाले, “दिवंगत आत्म्यास दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहू.”

सगळे उभे राहिले. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि थांबला. त्या शांततेत मला एक बारीक आवाज ऐकू आला. पान उलटल्याचा. मग पुन्हा. मी मान न उचलता तिरप्या नजरेने पाहिले. शेवटच्या रांगेत मॅडम बसून होत्या. मांडीवर नववीच्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा होता आणि त्या वह्या तपासत होत्या. मुद्दाम आवाज करत होत्या असे नाही. वही तपासताना जितका होतो तितकाच. मुलांनाही ते दिसत होते. मी उभाच राहिलो. मान खाली होती. पण त्या दोन मिनिटांत दिवंगत आत्म्यासाठी मी काहीही मागितले नाही.

‘ॐ शांती’ झाल्यावर मुख्याध्यापक तडक मागे गेले. ते खरोखर दुखावलेले दिसत होते.

“मॅडम, मेल्या माणसाशी कोणी असं वागते का? दोन मिनिटं उभं राह्यलं असतं तं काय बिघडलं असतं?”

मॅडमनी हातातली वही पूर्ण केली, तारीख घातली आणि पेनाला टोपण लावले.

“सर,” त्या म्हणाल्या, “त्याच्या वर्गात मी दोन तास बाकावर उभी होती. अठ्ठ्याण्णव लिहिलं म्हून. मुलं डबे खाऊन आले, तरी उभी होती. त्याच्यासाठी माह्यं उभं राहणं झालं.”

हे त्यांनी मलाही कधी सांगितले नव्हते.

दुखवट्याची सुट्टी जाहीर झाली होती. मुले दप्तरे उचलून फाटकाकडे निघाली होती, शिपाई घंटेचा हातोडा आत ठेवत होता. मॅडमनी वह्यांचा गठ्ठा छातीशी धरला, टोपली कोपरात अडकवली आणि त्या नववीच्या वर्गाकडे चालू लागल्या. कुणाला या म्हणाल्या नाहीत, मागेही वळून पाहिले नाही. फाटकाशी गेलेली काही मुले थांबली. एकमेकांकडे पाहिले. मग त्यांतली दहा-बारा मागे फिरली आणि त्यांच्या पाठोपाठ आत गेली. मी सभागृहाच्या पायरीवरून पाहत होतो, तोवर वर्गाचे दार आतून लागले.